भिंत रात्री आठलाही गरम असते
एसी २४ ऐवजी २६ वर ठेवला की संध्याकाळचा विजेचा लोड आपोआप उतरेल, असं काही जण म्हणतात. युनिटं वाचतात हे खरं, पण पीकचा, म्हणजे विजेची मागणी सगळ्यात जास्त असते त्या तासांचा, प्रश्न वेळेचा आहे. सगळे सातला घरी येतात, तापलेल्या खोलीत एकदम एसी लावतात, आणि खोली २६ ला येईपर्यंत कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीनेच चालतो. त्या पहिल्या तासात सेटिंग किती आहे याने फारसा फरक पडत नाही.

आमची बेडरूम पश्चिमेला आहे. रात्री आठला भिंतीला हात लावला तर चांगली कोमट लागायची, म्हणजे दुपारचं ऊन विटांनी साठवून नेमकं पीकच्या वेळी आत सोडलेलं! आतून जाड पडदे लावून बघितले, जेमतेम फरक. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. मग खिडकीवर आणि भिंतीवर बाहेरून सावली केली, तेव्हा कुठे भिंत निवली. आता चारच्या सुमारास एसी लावून भिंती-फरशी गार करून घेतो, साडेसहाला बंद. पुढचे दोन तास पंख्यावर निघतात. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, दीड टनी एसी पूर्ण लोडवर साधारण दीड किलोवॅट, म्हणजे वीस पंखे. पत्र्याच्या किंवा हलक्या पार्टिशनच्या खोलीत मात्र हे जमणार नाही, तिथे गारवा धरून ठेवायला काही नसतंच.