४८० मोठे की ४००?

इथे एकाने लिहिलंय की यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट आणि फायरवायरचा (कॅमेरा वगैरे संगणकाला जोडायची जुनी पद्धत) ४००, म्हणजे फायरवायर हा नुसता महागडा थाट. तसं नाही हो. आम्ही फोंड्याला जत्रेतली नाटकं मिनीडीव्ही (छोट्या डिजिटल टेपच्या) कॅमेऱ्यावर घ्यायचो. तासाभराची टेप म्हणजे साधारण १३ जीबी. फायरवायरने ती उतरवताना एक फ्रेम गळायची नाही, कारण तिथे चित्रासाठी ठरावीक वेळ राखीव असतो. यूएसबी २.० मध्ये उपकरण स्वतःहून तोंड उघडत नाही, संगणक विचारेल तेव्हाच बोलतं. या विचारपुशीतच बराच वेळ जातो. म्हणून ४८० च्या हिशेबाने (८ बिट म्हणजे १ बाइट) सेकंदाला ६० मेगाबाइट निघतात, पण माझी हार्ड डिस्क ३०-३५ च्या पुढे कधी गेली नाही.

आता सगळीकडे टाइप-सी, आणि घोळ वाढलाय. भोक एकच, पण आत ४८० मेगाबिट असेल किंवा थंडरबोल्टचे (त्याच भोकातली दुसरी, वेगवान जोडणी) ४० गिगाबिट! भाचा नवी एसएसडी (वेगवान डिस्क) मंद चालते म्हणून परत द्यायला निघाला होता. बघतो तर मोबाइल चार्जरची केबल लावलेली. बऱ्याच चार्जिंग केबलींत डेटासाठी फक्त २.० च्याच तारा असतात.

डेटा लांब न्यायचा असेल तर मात्र इथरनेटच (नेटवर्कची केबल). यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपर्यंत, इथरनेटची १०० मीटर जाते.

आणि गोंयच्या पावसात पोर्टवर हिरवा थर धरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फेणीने नव्हे, एकाने करून पाहिलंय.