थायरॉइडच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता दाब वाढलाय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही देवगडचे. आईला ग्रेव्हजचा आजार (थायरॉइड जास्त काम करतं तो). डोळे पुढे आल्याने मुंबईत डिकम्प्रेशनची (डोळ्यामागे जागा वाढवण्याची) शस्त्रक्रिया झाली. डोळ्यातला दाब आधी २६, नंतर १७, आता पुन्हा २४ (नॉर्मल १० ते २१ धरतात). स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीही दाब चढतो. मनाने बंद करणार नाही, काळजी नसावी. शिवाय या आजारात नजर वर असताना मोजलं तर आकडा जास्त येतो. कणकवलीत कसं मोजलं विचारलं, तर आई म्हणते, "हनुवटी टेका म्हणाले, टेकली!"

ऑपरेशननंतर कुणाचा दाब असा खालीवर झाला का? काचबिंदूचे थेंब लागले, की स्टिरॉइड कमी केल्यावर उतरला? रत्नागिरी-सिंधुदुर्गात फील्ड टेस्ट (बाजूचं किती दिसतं ती तपासणी) कुठे होते? मुंबईची तारीख थेट गणपतीनंतरची आहे.