ज्या वचनावर आपण चालतो : सोलापूरच्या ख्रिस्ती घरांतील अनुभव

एकतीस डिसेंबरच्या रात्रीची उपासना आटोपली की आपल्या अनेक मंडळ्यांत (चर्चमध्ये) बायबलमधील वचनांच्या चिठ्ठ्यांचे ताट फिरते, प्रत्येक जण एक चिठ्ठी उचलतो आणि तिच्यावरचे वचन पुढच्या वर्षासाठी आपले मानतो. या धाग्याचा विषय ती चिठ्ठी नाही. कोणी हातात न देता जे वचन आपल्याला वर्षानुवर्षे चिकटून राहिले आहे आणि ज्याच्यामुळे आपण नवऱ्याशी, सासूशी, भावाशी किंवा गिऱ्हाइकाशी एका विशिष्ट रीतीने वागतो, त्याबद्दल लिहावे, असे हे आमंत्रण आहे. अट एकच आहे : जे वचन तुम्ही स्वतःला लावले, तेवढेच लिहावे. दुसऱ्याला ऐकवण्याची वचने आपल्याकडे भरपूर आहेत आणि ती ऐकवणारेही पुष्कळ आहेत. कोणाचीही नावे देऊ नयेत.

यंत्रमागधारक, पूर्व भाग

सर्वांना सलाम. माझे वचन डोंगरावरील प्रवचनातले आहे : ‘तुमचे बोलणे, होय तर होय, नाही तर नाही, एवढेच असावे.’ टॉवेलच्या धंद्यात हे वचन पाळणे किती कठीण आहे, हे ज्याने दिवाळीच्या आधी व्यापाऱ्याचा फोन घेतला आहे, त्यालाच कळेल. माल कधी मिळणार, या प्रश्नाला आमच्याकडे ठरलेले उत्तर ‘उद्या संध्याकाळी’ असे असते आणि तो उद्या कोणता, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नसते. सूत वेळेवर आले नाही, वीज गेली, कामगार लग्नाला गावी गेला, यांपैकी काहीही घडू शकते. म्हणून आधीच गोड बोलून ठेवायचे, अशी रीत पडून गेली आहे. माझ्या वडिलांनी ती मोडली. माल अमुक तारखेला होणार नाही, तुम्ही दुसरीकडे बघितलेत तरी माझा राग नाही, असे ते सरळ सांगत आणि त्यामुळे काही व्यापारी खरोखरच दुसरीकडे गेले. हे मी मुद्दाम लिहितो, कारण खरे बोलले की धंदा वाढतो, अशा साक्षी प्रार्थनासभेत फार ऐकू येतात. आमचा वाढला नाही, पण टिकला. जे व्यापारी राहिले, ते तारीख विचारतात आणि पुन्हा विचारत नाहीत.

घरात मात्र या वचनाचा वेगळाच उपयोग झाला. आमची ही तेलुगू घरातली आहे, तिच्या माहेरी पाहुण्याला नाही म्हणणे म्हणजे अपमान. त्यामुळे सुरुवातीला माझे ‘नाही’ तिला दगडासारखे लागत असे. आता नकार देण्यापूर्वी कारण सांगायचे, असे आमच्यात ठरले आहे. वचनात कारण सांगू नका, असे कुठे म्हटलेले नाही.

गृहिणी, रेल्वे लाईन्स

लग्नाच्या उपासनेत रूथच्या पुस्तकातला उतारा हमखास वाचला जातो : ‘तुम्ही जाल तेथे मी येईन आणि तुम्ही राहाल तेथे मी राहीन, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव.’ माझ्याही लग्नात वाचला गेला आणि सर्वांना तो नवरीने नवऱ्याला दिलेला शब्द वाटला. प्रत्यक्षात हे शब्द एका विधवा सुनेने आपल्या विधवा सासूला उद्देशून काढलेले आहेत, आणि ज्या सासूला ते ऐकवले, ती नामी स्वतः तिला माहेरी परत जा म्हणून आग्रह करत होती. नवऱ्याची नोकरी बदलीची असल्यामुळे माझे बहुतेक संसारी आयुष्य सासूबाईंबरोबर गेले, म्हणून मला हा उतारा योग्य पत्त्यावर पोहोचला असे वाटते. आमचे पटते असे मी म्हणणार नाही. भाकरी जाड झाली की त्या बोलतात, आणि मीही ऐकून घेते असे नाही. पण नामीही काही गोड बोलणारी बाई नव्हती. बेथलेहेमात परतल्यावर तिने गावातल्या बायकांना, मला नामी न म्हणता ‘मारा’ (म्हणजे कडू) या नावाने हाक मारा, असे सांगितले, तेव्हा रूथ तिच्याबरोबरच होती, आणि ही सून मी सोबत आणली आहे, असा एक शब्दही नामीने तेव्हा काढला नाही. रूथने त्याचा हिशेब ठेवला नाही. मला ते जेव्हा जमते, तेव्हा घर शांत असते.

गार्ड, मध्य रेल्वे, निवृत्त

‘तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये.’ इफिसकरांस पत्र, चौथा अध्याय. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला हे वचन शब्दशः पाळता येत नाही, कारण भांडण सकाळी होते आणि सूर्य मावळताना तो माणूस वाडी स्थानकाच्या पुढे कुठेतरी असतो. म्हणून आम्ही उभयतांनी ‘गाडीवर जाण्यापूर्वी’ असा अर्थ घेतला. भांडण मिटले नाही तरी चालेल, पण डबा हातात देताना बोलायचे. एवढेच.

(येथे एक सांगावेसे वाटते. याच वचनाबद्दल इतरही काही जणांनी लिहिले आणि बहुतेकांचा सूर असा होता की रात्रीच सगळे मिटवलेच पाहिजे. दमलेल्या दोन माणसांनी मध्यरात्री मिटवायला बसणे म्हणजे भांडण वाढवणे होय, असे माझे मत आहे. गार्डसाहेबांचा अर्थ मला अधिक पटतो. – संकलक)

परिचारिका

माझे वचन सगळ्यांना पाठ आहे, पण मी ते ज्या अंगाने धरले, ते सांगायला हवे. पेत्राने विचारले, प्रभुजी, माझ्या भावाने किती वेळा माझा अपराध केला असता मी त्याला क्षमा करावी, सात वेळा काय? येशूने सातांच्या सत्तर वेळा असे उत्तर दिले. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील हे उत्तर मी दवाखान्यात अशा बायकांच्या तोंडून ऐकले आहे, ज्यांचा हात मोडलेला होता आणि ज्या जिन्यावरून पडले असे सांगत होत्या. त्यांना ते वचन कोणीतरी दिलेले होते, कधी आईने, कधी महिला मंडळातल्या वडीलधाऱ्या बाईने, आणि देणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता.

मी त्या अध्यायात थोडे मागे जाऊन वाचते. पेत्राच्या प्रश्नाआधी काही ओळींवर येशूने दुसरी रीत सांगितली आहे : भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि एकांतात त्याला त्याचा अपराध दाखव, ऐकले नाही तर आणखी एकदोघांना बरोबर घे, त्यांचेही ऐकले नाही तर मंडळीला सांग, आणि मंडळीचेही ऐकले नाही तर तो तुला परक्यासारखा होवो. म्हणजे क्षमेचे वचन येण्याआधी साक्षीदारांचे वचन आले आहे. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या क्षमेच्या आधी अपराध उघड बोललाच जात नाही, ती क्षमा घरातल्या बलवान माणसालाच सोयीची असते. तसेच इफिसकरांस पत्रात पत्नींना पतीच्या अधीन असण्यास सांगण्यापूर्वीच्याच ओळीत ‘एकमेकांच्या अधीन असा’ असे म्हटले आहे आणि ती ओळ लग्नाच्या उपदेशात क्वचितच ऐकू येते.

म्हणून माझे बोधवाक्य ‘आधी जा आणि दाखव’ असे आहे. माझ्या स्वतःच्या बहिणीशी जमिनीवरून वितुष्ट आले, तेव्हा मी नातेवाइकांत काही न बोलता तिच्या घरी गेले आणि मला काय लागले, ते तिला सांगितले. ती रडली, मीही रडले, आणि जमीन अजून तिच्याकडेच आहे. क्षमा केली का, असे कोणी विचारले तर हो. पण रुग्ण बाईला मी क्षमा कर असे आजतागायत सांगितलेले नाही. मी तिला विचारते की रात्री झोपायला दुसरे घर आहे का.

शिक्षक, बाप्तिस्मा घेतलेला एकटाच

माझे आईवडील लिंगायत आहेत. आमच्या घरी संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वराची यात्रा म्हणजे वर्षाचा कळस असतो. वडील तरुणपणी पांढरी बाराबंदी घालून नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या, पेलत असत, आणि सात नंदीध्वजांची मिरवणूक अडुसष्ट लिंगांना जाते त्या वाटेची प्रत्येक गल्ली त्यांना पाठ आहे. मी बाप्तिस्मा घेतल्यावर मला मंडळीत यहोशवाचे वचन चौकटीत बसवून भेट मिळाले : ‘मी आणि माझे घराणे तर परमेश्वराची सेवा करणार.’ ती चौकट कुठे लावावी, हा प्रश्न मला बराच काळ पडला होता, कारण माझे घराणे ते म्हणत नव्हते, मी एकटाच म्हणत होतो.

अशा वेळी मला ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांच्या घराचा विचार येतो. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या वर्षांत त्या घराने जी ताटातूट सोसली, ती वाचताना टिळकांच्या थोरवीपेक्षा लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या वेळेला आणि स्वतःच्या बुद्धीने पाऊल उचलले, हे मला जास्त मोलाचे वाटते. पुढे टिळकांनी तुकोबांचे ऋण उघडपणे मानले आणि त्यांची भजने आपण अभंगाच्या चालीवर आजही उपासनेत गातो. मागचे सगळे टाकून आल्याशिवाय पुढचे मिळत नाही, असे त्यांनी मानले नाही.

म्हणून मी यहोशवाऐवजी पाचवी आज्ञा धरली : आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख. ती आज्ञा त्यांच्या विश्वासाची अट घालत नाही. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी वडिलांना, तो सोहळा जिथे होतो त्या संमती कट्ट्यापर्यंत मी गाडीवर सोडतो, मी पूजेत भाग घेत नाही हे त्यांना ठाऊक आहे, आणि गड्ड्याच्या जत्रेत आम्ही दोघे मिळून फिरतो. मंडळीतल्या काही वडीलधाऱ्यांना हे रुचत नाही. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण वागणेही बदललेले नाही. चौकट माझ्या खोलीत आहे.

महाविद्यालयीन विद्यार्थी

मला अजून असे वचन सापडलेले नाही, हेही लिहिले तर चालेल ना? आजीकडे भिंतीवर पाटी आहे की ख्रिस्त या घराचा मस्तक आहे, प्रत्येक जेवणाला तो न दिसणारा पाहुणा आहे आणि प्रत्येक संभाषण तो मुकाट्याने ऐकतो. लहानपणी मला त्या शेवटच्या ओळीची भीती वाटत असे. आता आम्ही जेवताना कोणाबद्दल वाईट बोलू लागलो की आजी नुसती पाटीकडे बघते.

मुलगी, आईची देखभाल करणारी

पौलाच्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात ‘एकमेकांची ओझी वाहा’ असे आहे आणि तीनच ओळींनंतर प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे, असेही आहे. पक्षाघातानंतर आई अंथरुणाला खिळली तेव्हा पहिली ओळ मला सगळ्यांनी सांगितली. दुसरी मी स्वतः शोधली आणि भावांना फोन करून प्रत्येकाच्या वाट्याचे काम ठरवून दिले : एकाकडे औषधांचा खर्च, दुसऱ्याकडे उन्हाळ्याचे दोन महिने. आमच्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा शेजारच्या मुस्लिम भाभी न सांगता आमची पिंपे भरून ठेवतात. त्यांना पौलाचे पत्र माहीत नाही.

वकील, कौटुंबिक वाद

रोमकरांस पत्रातील ‘शक्य तर सर्व माणसांबरोबर तुम्हांकडून होईल तितके शांतीने राहा’ हे वचन मी पक्षकारांनाही सांगतो, ख्रिस्ती असोत वा नसोत. यातले ‘शक्य तर’ आणि ‘तुम्हांकडून होईल तितके’ हे दोन भाग लोक गाळून वाचतात आणि मग समोरचा शांत राहत नाही म्हणून स्वतःला दोषी मानतात. माझ्या वडिलांच्या घराची वाटणी झाली तेव्हा धाकट्या भावाने बोलणे बंद केले. माझ्याकडून जे होईल ते मी ठरवून टाकले : नाताळच्या फराळाचे ताट पाठवायचे, त्याच्या मुलांच्या वाढदिवसाला फोन करायचा आणि मंडळीत त्याच्याविषयी कोणी विचारले तर तो बरा आहे एवढेच सांगायचे. ताट कधी रिकामे परत येते, कधी तसेच भरलेले येते. सामाईक भिंतीचा दावा अजून चालू आहे आणि त्यात मी माझ्या हक्काचे सोडलेले नाही.