मदत हवी आहे: सासऱ्यांच्या साडेसहाशे खेळण्यातल्या छोट्या गाड्या ऑनलाइन विकायच्या आहेत (बेळगाव)

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी,

जरा लांबड लागणार आहे, आधीच सांगते.

माझे सासरे बोटीवर फिटर होते. सत्तर-ऐंशीच्या दशकात सिंगापूर, हाँगकाँग, लंडन, जिथं बोट लागेल तिथून येताना बॅगेत एक-दोन लोखंडी गाड्या ठरलेल्या. बहुतेक मॅचबॉक्स. पुढं नवऱ्यानं तोच नाद धरला, पण त्याच्या सगळ्या हॉटव्हील्स, कार्डावरच पॅक, एकही फोडलेली नाही. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, दोनशेच्या वर, ह्यांच्या चारशे आणि उरलेल्या चाळीसेक किरकोळ, म्हणजे देशी, प्लॅस्टिकच्या, मागे ओढून सोडायच्या वगैरे. शहापुरातलं घर वाटणीत निघालंय, आम्ही अनगोळला फ्लॅटमध्ये जाणार आणि ही काचेची कपाटं तिकडं मावत नाहीत. विकायचं मामांनीच काढलं. "मी गेल्यावर भंगारवाल्याला किलोवर घालाल, त्यापेक्षा माझ्या डोळ्यादेखत जाऊ देत," म्हणाले.

पुण्याच्या एका व्यापाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर कपाटाचे फोटो पाठवले होते. सगळ्याचे मिळून ४५,००० देतो, उद्याच गाडी पाठवतो म्हणतोय. नवरा ओमानला, फोनवर एवढंच म्हणतो की तू आणि बाबा ठरवा. मामांना रक्कम कमी वाटते, पण जास्त म्हणजे किती ते त्यांनाही सांगता येत नाही.

तर एकगठ्ठा द्यावं की सुटं विकावं? सुटं विकायचं तर कुठं? बेळगावातून पार्सल कसं पाठवता? आणि यावर टॅक्स बसतो का? कुणी असला उद्योग केला असेल तर सांगा की.

निपाणीकर_७७

ताई, पहिली गोष्ट, त्या गाडीवाल्याला उद्या येऊ देऊ नका. ४५,००० भागिले ६५० करा. गाडीमागे सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. तुमच्या मिस्टरांनी सगळ्यात स्वस्तात घेतलेली हॉटव्हील्स ९९ ची असणार. म्हणजे चारशे गाड्या पडत्या भावात आणि सासऱ्यांच्या दोनशे फुकट, असा तो सौदा आहे. ज्याला एवढी घाई आहे त्याला फोटोत काहीतरी दिसलेलं आहे.

आधी तीन ढीग करा. तुम्ही केलेतच म्हणा. पण मामांच्या ढिगातली प्रत्येक गाडी उलटी करून पोटावर काय लिहिलंय ते वाचा. "लेस्नी" आणि "मेड इन इंग्लंड" असलेल्या वेगळ्या काढा. लेस्नी म्हणजे मॅचबॉक्सची मूळ लंडनची कंपनी. ही मालिका १९५३ ला सुरू झाली आणि १९८२ ला कंपनी बुडाली. त्यानंतर मालक बदलले, काम मकाव-हाँगकाँगकडं गेलं. १९९७ पासून मॅचबॉक्ससुद्धा मॅटेलचीच, म्हणजे हॉटव्हील्सवाल्यांची. गिऱ्हाईक जास्त करून इंग्लंडवाल्या मालाला असतं.

चाकं_आणि_चिल्लर

मी बंगळूरला असतो, मूळचा खानापूरचा. हा नाद मलाही आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो. व्यापाऱ्याला दोष देत नाही, त्यालाही निम्मा माल वर्षभर पडून राहणार हे ठाऊक असतं. पण तुम्हाला आपल्याकडं काय आहे ते कळल्याशिवाय भाव बोलू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही साफ करू नका. ब्रासो नको, साबणपाणी नको, उडालेल्या जागी नेलपॉलिशचा ठिपका तर अजिबात नको. मऊ रंगाच्या ब्रशनं धूळ झटका, बास. जुना रंग चार ठिकाणी उडालेला चालतो, नवीन रंग लावलेला चालत नाही. आणि रिकामी खोकी असतील तर ती गाड्यांइतकीच जपा. खोक्यासकट आणि खोक्याशिवाय यात कित्येकदा दुपटीचा फरक पडतो.

पोटावरचं साल बघून फसू नका. ते बहुतेक वेळा साचा तयार झाल्याचं साल असतं, ती गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली त्याचं नव्हे. तोच साचा वर्षानुवर्षं चालतो. मॅचबॉक्सचं वय चाकावरून ओळखायला शिका. १९६९ पासून पातळ आसाची, सुसाट पळणारी "सुपरफास्ट" चाकं आली. त्याआधीची साधी चाकं असतील तर तो माल जुना.

मोठ्या खोक्यातल्या विंटेज गाड्या, "मॉडेल्स ऑफ यस्टरइयर" लिहिलेल्या, असतील तर त्यावर फार आशा ठेवू नका. दिसायला सगळ्यात देखण्या त्याच, पण सत्तर-ऐंशीच्या दशकात लोकांनी त्या जपून ठेवायलाच घेतल्या, त्यामुळं आजही जगभर खोक्यासकट पडून आहेत. देशी ढीगसुद्धा फेकू नका. इंग्लंडच्या डिंकी गाड्यांचे जुने साचे कोलकात्याला आले आणि त्यातून "निकी टॉइज" निघाल्या. आपल्याकडं मुलांनी त्या खेळून मोडल्या, म्हणून चांगल्या स्थितीतली सापडली तर परदेशातला माणूससुद्धा विचारतो. तसंच पोटावर "लिओ" आणि "इंडिया" असलेली हॉटव्हील्स.

आता चारशे कार्डांबद्दल. यातल्या बहुतेक गाड्या साध्या निघतील. कल्पनेतल्या गाड्या, म्हणजे ड्रॅगनच्या तोंडाची, शार्कच्या आकाराची वगैरे, त्यांना मागणी जवळजवळ नाही. स्कायलाइन, सिव्हिक, डॅटसन, पोर्श अशा खऱ्याखुऱ्या गाड्या पटकन जातात. आणि प्रत्येक कार्डावर गाडीच्या मागे एक छोटी ज्योत छापलीय का बघा. चंदेरी असेल तर ट्रेझर हंट, म्हणजे मुद्दाम कमी काढलेली गाडी. सोनेरी असेल, टायर रबराचे असतील आणि रंगाला आतून झळाळी असेल तर सुपर ट्रेझर हंट. ती एकटी गाडी साध्या पन्नास गाड्यांच्या बरोबरीची ठरू शकते. सोनेरी चिन्ह साधारण २०१५ पासून आलं. त्याआधीच्या कार्डावर टायर आणि रंगच बघावा लागतो.

भाव कसा काढायचा? ओएलएक्सवर लोकांनी मागितलेले आकडे बघू नका, मागायला काय जातंय. भारतातली ईबे २०१८ ला बंद झाली, पण अमेरिकेची साइट इथूनही उघडते. तिथं "विकल्या गेलेल्या वस्तू" असा फिल्टर आहे, तो लावून बघा. खरा भाव तो.

गोवावेस_गप्पा

शार्कच्या आकाराची कुणाला नको असेल तर आमच्या चिरंजीवांना द्या वहिनी, ज्योतबीत काही बघणार नाही तो.

शहापूरची_सून

सगळ्यांचे आभार. दुपारी जेवणं झाल्यावर मामांना खिडकीजवळ बसवलं आणि भिंग घेऊन एकेक गाडी उलटी केली. इंग्लंडवाल्या दीडशेच्या घरात निघाल्या. ह्यांच्या कार्डांत एक सोनेरी ज्योत सापडली! नवऱ्याला फोटो पाठवला तर त्याला ठाऊकच नव्हतं. एवढी वर्षं कपाटात पालथं होतं कार्ड.

अजून एक. मामांकडं वही आहे. तपकिरी पुठ्ठ्याची, बोटीवरच्या हिशेबाची. प्रत्येक गाडीची ओळ आहे: बंदर, साल, किंमत त्या देशाच्या पैशात आणि पुढं शेरा. शेरे वाचून मी हसून हसून दमले. एका ट्रकपुढं लिहिलंय, "मागचं दार नीट लागत नाही, दुकानदाराशी वाद, कमी केले नाहीत." ही वही विकताना काही उपयोगाची आहे का?

आणि एक लाल डबलडेकर बस आहे, पोटावर "द लंडनर", १७ नंबर, १९७२. बाजूला बर्जर पेंट्सची जाहिरात. मामांच्या मते सगळ्यात किमती तीच.

चाकं_आणि_चिल्लर

वही म्हणजे सोनं आहे ताई. मूळ वही देऊ नका, पण गाडीसोबत त्या ओळीचा फोटो द्या. पहिल्या हातापासून एकाच घरात असल्याचा असा पुरावा फार थोड्यांकडं असतो.

बसबद्दल मामांना हळूच सांगा. बर्जर पेंट्सवाली सगळ्यात जास्त निघालेली आहे, त्यामुळं ती चांगली असली तरी दुर्मीळ नाही. त्या बसवर पुढं कितीतरी कंपन्यांच्या जाहिरातींची लेबलं लागली, त्यातली मोजकीच किमती. आणि लेबलं खोटीही छापतात लोक. तुमच्याकडच्या बसचं लेबल साधंच आहे हेच तिच्या खरेपणाचं लक्षण समजा.

शहापूरची_सून

सांगितलं. म्हणाले, "त्याला काय कळतंय, तो बंगळूरचा."

दरम्यान ओएलएक्सवर दहा गाड्यांची जाहिरात टाकून बघितली. अर्ध्या तासात एकाचा मेसेज. मी लष्करात आहे, पोस्टिंग कॅम्पातच आहे, भाव मान्य, घासाघीस नाही. आगाऊ पैसे पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवला, "हा स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." बेळगावात लष्कर आहेच, त्यामुळं खरंही वाटतं. हे बरोबर आहे का?

निपाणीकर_७७

नाही नाही नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार. लष्कराचं नाव सांगून फसवणं तर आता जुनं झालं. बेळगावच्या माणसाला मराठा लाइट इन्फंट्रीबद्दल आपुलकी असते हे त्यांनाही माहीत आहे. भाव न करता हो म्हणणारा गिऱ्हाईक आपल्याकडं असतो का हो? ब्लॉक करा. समजा कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करायचा, जितका उशीर तितकी आशा कमी.

फाउंड्रीवाला_उद्यमबाग

वहिनी, लोखंडी नव्हेत त्या. चुंबक लावून बघा, बॉडीला चिकटणार नाही. जस्ताचा मिश्रधातू आहे तो, चारेक टक्के अ‍ॅल्युमिनियम, किंचित तांबं आणि मॅग्नेशियम. चारशे डिग्रीच्या आतच वितळतो म्हणून इतकं बारीक नक्षीकाम साच्यात उतरतं. जुन्या काळात त्यात शिसं मिसळलं गेलं की वर्षांनी धातू आतून फुटून भुगा व्हायचा. ते जास्त करून दुसऱ्या महायुद्धाआधीच्या मालात. तुमच्या गाड्यांना तो रोग नसणार.

पार्सलचं सांगतो, आमचं रोजचंच काम आहे. सुट्या गाडीचं वजन साधारण ३५-४० ग्रॅम, दहा-बारा गाड्यांचा खोका स्पीड पोस्टानं निर्धास्त जातो. गाडी आधी पातळ टिश्यू कागदात गुंडाळा, मग बबलरॅप. बबलरॅप थेट रंगावर बरेच दिवस राहिला तर गोल गोल वण उठतात. खोका हलवून बघायचा, आत काही वाजलं तर परत उघडायचा.

कार्डावरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी. त्यात निम्मी हवाच असते. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतात आणि खरं वजन नि हे वजन यातलं जास्त असेल ते धरतात. ४० बाय ४० बाय ३० चा खोका म्हणजे ९.६ किलो, आत माल दोन-तीन किलोच असला तरी. म्हणून कार्डांचा मोठा लॉट कुरिअरनं पाठवू नका. ट्रान्स्पोर्टनं टाका, नाहीतर घ्यायला येणाऱ्यालाच द्या.

आणि जे करायचं ते जूनच्या आत करा. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. शहापुरातल्या जुन्या भिंतींना ओल धरली की कार्डं वाकडी होतात, आणि वाकडं कार्ड म्हणजे भाव पडला. पत्त्यावर "कर्नाटक" ठळक लिहा. मुंबईचा गिऱ्हाईक बेळगाव ऐकून हटकून महाराष्ट्र लिहितो. (पत्ता चुकीचा असला तरी भावना बरोबर आहेत त्याच्या, असो.)

हिशेबनीस

टॅक्सचं थोडक्यात. घरातल्या वापराची जंगम वस्तू विकली तर भांडवली नफ्यात ती साधारणपणे धरत नाहीत. दागिने, चित्रं, शिल्पं हे अपवाद. पण सतत घेऊन विकायला लागलात तर तो धंदा झाला. अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी दुकान उघडायला जीएसटी नंबर मागतात, त्या भानगडीत पडू नका. रक्कम मोठी होतेय असं दिसलं तर सीएला एकदा वही दाखवा.

चाकं_आणि_चिल्लर

परदेशी विकणार असाल तर एक लक्षात ठेवा. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात माफ होती, ती २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. जकात कोण भरणार ते जाहिरातीतच लिहा. मला विचाराल तर सुरुवात देशातच करा. हॉटव्हील्सचे ग्रुप फेसबुकवर भरपूर आहेत, तिथं विक्रेत्याबद्दल आधीच्या लोकांनी काय लिहिलंय ते बघतात. म्हणून आधी स्वस्तातल्या दोन-चार गाड्या विकून नाव करा, सोनेरी ज्योत मग काढा. पैसे आले की पॅक करतानाचा सलग व्हिडिओ काढायचा, गाडीच्या पोटापासून चिकटपट्टीपर्यंत.

शहापूरची_सून

ठरलं ते सांगते. पुण्याच्या व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं, तर लगेच ६०,००० वर आला. निपाणीकरांचं खरं निघालं. इंग्लंडवाल्या गाड्या पाच-दहाचे संच करून वहीतल्या ओळीसकट विकणार. ह्यांच्या साध्या कार्डांपैकी तीनशे बंगळूरचा एकजण स्वतः येऊन घेऊन जाणार आहे, बोलणी चालू आहेत. सोनेरी ज्योत आणि चंदेरीवाल्या नवरा दिवाळीला आल्यावर. शार्क गोवावेसच्या चिरंजीवांना फुकट.

राहिला किरकोळ ढीग. त्यात एकीच्या पोटावर "निकी" असं पुसट दिसतंय, एक चाक नाही.

निपाणीकर_७७

ती कुणाला दाखवू नका ताई! रविवारी मी येतो, रोख देतो. चाकाचं माझं मी बघतो.

शहापूरची_सून

या की. पण मामा म्हणतात भाव ते सांगणार, आणि दुकानदाराशी वाद घालायचा नाही.