शब्दचर्चा : ‘माइंड मॅप’ला मराठीत काय म्हणावं?

मूळ प्रश्न

नववी-दहावीच्या मुलांचा ‘अभ्यास कसा करावा’ असा तास मी दर शनिवारी घेते. त्यात माइंड मॅप शिकवते. कोरा कागद आडवा धरायचा, मधोमध विषय लिहायचा, त्यातून जाड फांद्या काढायच्या, फांदीवर एकच शब्द, मग त्याच्या डहाळ्या. सगळं मराठीतून सांगता येतं, नावापाशी मात्र अडायला होतं. मनोनकाशा, मनचित्र, विचारचित्र, संकल्पनाचित्र असे चार शब्द आतापर्यंत कानावर आलेत. कोणता वापरावा? आणि फळ्यावर सूचना लिहिताना ‘तयार करा’ लिहावं, ‘बनवा’ की ‘काढा’?

प्रतिसाद

ताई, ‘संकल्पनाचित्र’ आहेच की! बालभारतीच्या इतिहासाच्या पुस्तकात स्वाध्यायात ‘पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा’ असं छापलेलं असतं. हिंदीच्या पुस्तकात मुलं ‘संजाल पूर्ण कीजिए’ वाचतात. मुलांच्या ओळखीचा शब्द हाताशी असताना नवा कशाला?

प्रतिसाद

‘मनचित्र’ नको. हिंदीत नकाशाला ‘मानचित्र’ म्हणतात, त्यातला ‘मान’ म्हणजे माप. एका कान्याच्या फरकाने घोळ होईल. शिवाय संस्कृत वळणाने जायचं तर ‘मनस्’ला ‘चित्र’ जोडून ‘मनश्चित्र’ होईल, आणि तो शब्द मुलांच्या तोंडी बसणार नाही.

प्रतिसाद

‘संकल्पनाचित्र’ चांगला शब्द आहे, पण तो दुसऱ्या वस्तूचा आहे. ती वस्तूही अभ्यासात फार कामाची असल्यामुळे तिचं नाव तिच्याकडेच राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

ती वस्तू म्हणजे इंग्रजीतला ‘कॉन्सेप्ट मॅप’. तो अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांनी १९७०च्या दशकात रुजवला. त्यात चौकटी अनेक, कुठलीही कुठल्याहीला जोडता येते, आणि जोडणाऱ्या रेघेवर त्यांचं नातं सांगणारा शब्द लिहावा लागतो. ‘माइंड मॅप’ हे नाव ब्रिटनच्या टोनी बुझान यांनी १९७४ साली बीबीसीवरच्या कार्यक्रमातून लोकांपर्यंत नेलं. त्यात केंद्र एकच, बाकी सगळं तिथून झाडासारखं फुटत जातं. फांद्यांनी मांडणी करायची रीत त्याच्या कितीतरी आधीची आहे; आपल्याकडे घरोघरी जपलेले वंशवृक्ष दुसरं काय आहेत?

हा फरक मला पुस्तकातून कळला नव्हता, मुलीच्या कागदावर दिसला. तिच्या दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना होती. तिने मधोमध ‘ब्राझील’ लिहिलं. डावीकडच्या फांदीवर ‘प्राकृतिक रचना’, तिच्या डहाळीवर ‘अजस्र कडा’. पार उजवीकडे ‘हवामान’, तिथल्या डहाळीवर ‘अवर्षण चतुष्कोन’. दोन दिवस ही दोन टोकं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. तिसऱ्या दिवशी उजळणी करताना ती थांबली, हिरवं पेन घेतलं, कागदावरून आडवा बाण ओढला आणि त्यावर एवढंच लिहिलं : ‘मुळे’. समुद्रावरून येणारे वारे कडा अडवतो, पलीकडे पर्जन्यछाया पडते, म्हणून तिथे अवर्षण. धडा दोनदा वाचूनही हे तिला असं दिसलं नव्हतं. तो बाण आला तेव्हा झाडाचं जाळं होऊ लागलं, म्हणजे माइंड मॅपमधून संकल्पनाचित्राकडे ती आपसूक वळली. पायऱ्या दोन आहेत, तर नावंही दोन हवीत.

त्या ‘मुळे’वर जरा रेंगाळतो, कारण इथे मराठी आपल्या बाजूने आहे. रेघांवर लिहायचे शब्द म्हणजे बहुतेक आपली शब्दयोगी अव्ययं : मुळे, साठी, पासून, शिवाय, ऐवजी. व्याकरणाच्या तासाला मुलं जी यादी घोकतात, तीच इथे कामाला येते. मात्र फांदीवर शब्द लिहिताना मूळ रूपातच लिहायला सांगा : ‘कडा’, ‘कड्यामुळे’ नको. सामान्यरूप आलं की फांदीवर वाक्य शिरू लागतं, आणि वाक्य शिरलं की मुलं धडा उतरवून काढतात. एका शब्दात मावत नाही अशी तक्रार आली, तर समास आठवा. ‘पर्जन्यछाया’ या एका शब्दात अख्खा परिच्छेद बसतो.

आता नाव. माझं मत ‘विचार-नकाशा’ला. ‘नकाशा’ मूळ अरबीतून फारसीमार्गे आलेला, ‘नक्षी’ त्याच घरातली. मराठीत तो भूगोलापुरता कधीच नव्हता. घर बांधायच्या आधी घराचा नकाशा काढतात, जमिनीच्या दफ्तरात गावनकाशा असतो. कुठे काय आहे आणि कुठून कुठे जायचं, हे एका नजरेत दाखवणारा कागद म्हणजे नकाशा. ‘मनोनकाशा’त संधी चुकलेली नाही, पण ऐकणाऱ्याला वाटतं की कुणाचं तरी मन तपासायचं आहे. इथे मांडायचे असतात एका विषयाबद्दलचे विचार. संस्कृत आणि फारसी शब्द जोडल्याची हरकत कुणी घेतली, तर ‘जिल्हाधिकारी’ हा शब्द आपण रोज बिनदिक्कत वापरतो.

‘चित्र’ मी टाळतो ते अनुभवावरून. ‘विचारचित्र काढा’ म्हटलं, तर निम्मा वर्ग चाळीस मिनिटं रंग भरत बसतो. रंग हवेतच, फांदी ओळखू येण्यापुरते.

आणि क्रियापद ‘काढा’च. ‘नोट्स काढल्या का?’ असंच मुलं एकमेकांना विचारतात. आपण टाचण काढतो, रांगोळी काढतो, आठवणही काढतो. रेखाटणं आणि आतून बाहेर आणणं, दोन्ही अर्थ ‘काढणे’त आहेत आणि या कामाला दोन्ही लागतात. छापील स्वाध्यायात चौकटी आधीच आखलेल्या असतात, मूल त्या ‘पूर्ण’ करतं. किती फांद्या हव्यात, काय कशाखाली येतं, हा विचार तिथे दुसऱ्याने करून ठेवलेला असतो. अभ्यास तर त्या विचारातच आहे.

पुस्तक उघडं ठेवून काढलेल्या सुंदर नकाशाने मात्र फसायला होतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिकी आणि ब्लंट या संशोधकांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रयोग मांडला होता. मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा मजकूर बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतरच्या चाचणीत जास्त आलं. म्हणून मी मुलांना सांगतो : धडा वाचा, पुस्तक मिटा, मग नकाशा काढा. अडलेली फांदी रिकामी ठेवा. नंतर पुस्तक उघडून ती वेगळ्या शाईने भरा. त्या शाईकडे बघितलं की परीक्षेच्या आदल्या रात्री काय वाचायचं ते आपोआप कळतं.

प्रतिसाद

सर, ‘टाचण’ शब्द काढलात म्हणून लिहिते. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पाठ टाचण रोज लिहावंच लागतं. गेल्या वर्षापासून मी आधी फांद्यांनी मांडते आणि मग वहीत ओळीने उतरवते. मुलांच्या प्रकल्पालाही तेच करून घेतलं. ‘आपलं गाव’ मधोमध. ‘पाणी’, ‘पिकं’, ‘बाजार’ या फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला ती माहिती आणणाऱ्याचं नाव. कुणाचं काम राहिलंय ते भिंतीवरच दिसायचं. ‘शाखा’ म्हटलं की आमच्या मुलांना बँक आठवते, म्हणून खोड, फांदी, डहाळी हेच शब्द ठेवले.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. ‘विचार-नकाशा’ घेते, आणि ‘संकल्पनाचित्र’ बाणांच्या पायरीसाठी राखून ठेवते. बँकेचा मुद्दा पटला, फांदीच लिहीन. फळ्यावरची सूचना अशी करतेय : ‘पुस्तक मिटून विचार-नकाशा काढा. अडलेल्या फांद्या हिरव्या शाईने.’

एक शंका उरली. जोडाक्षरं आणि वेलांट्यांमुळे वळणदार फांदीवर मराठी शब्द लिहिताना मुलांची अक्षरं एकमेकांत घुसतात. फांदी सरळ ठेवली तर चालेल ना? की शिरोरेघच फांदी समजून शब्द तिला लटकवायचा? परवा एका मुलीने आपणहून तसं केलं, आणि कागद फार स्वच्छ दिसत होता.