नवीन बांधलेले इंजिन हाताने फिरवताना एकाच जागी घट्ट लागते

राजारामपुरीकर: नमस्कार. जुन्या मारुती 800 चे इंजिन पुन्हा बांधले आहे. उद्यमनगरातील लेथवर ब्लॉक 0.50 मिमी ओव्हरसाइझ बोअर करून घेतला (सिलिंडरची भोके तेवढी मोठी केली), क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) 0.25 मिमीने ग्राइंड केला. हेड अद्याप चढवलेले नाही. पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून फिरवले असता बाकीची फेरी एकसारखी जाते, मात्र प्रत्येक फेरीत एकदा, त्याच ठिकाणी, हँडलवर जादा जोर द्यावा लागतो. मिस्त्री म्हणतात, गाडी चालली की आपोआप सुटेल. हे मानावे का?

शिरोली_लेथ: मानू नये. पिस्टनवरच्या नव्या रिंगांमुळे इंजिन जड फिरणारच, पण तो जडपणा फेरीभर पसरलेला असतो. ठरावीक जागी येणारी अडचण वेगळी. ती फेरीत किती वेळा येते, हे पुलीवर खडूची खूण करून मोजा. बोअरच्या मध्यावर कुठे घट्टपणा असेल, तर पिस्टन वर जाताना आणि खाली येताना असा तो दोनदा जाणवतो. फेरीत एकदाच येत असेल, तर संशय आधी क्रँक आणि बेअरिंगवर जातो. सर्व मेन कॅप (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगच्या टोप्या) पुरत्या टॉर्कवर, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळलेल्या असताना एकेक कॅप सैल करून फिरवून पाहा. जी सैल केल्यावर अडचण जाते, ती जागा तपासा. पान्याला नळी लावून जोर वाढवू नका.

कागलकर: रिंग गॅप (बोअरमध्ये बसलेल्या रिंगच्या दोन टोकांमधली फट) मोजला होता का? साधारण 25 मिमी बोअरला 0.1 मिमी, या हिशेबाने तुमच्या 69 मिमी बोअरला 0.28 च्या आसपास येतो. अर्थात पुस्तकातला आकडा असेल तर तोच धरावा.

शिरोली_लेथ: गॅप जरूर मोजावा, परंतु सरळ बोअरमध्ये रिंगची टोके भिडली असती, तर इंजिन एका जागी नव्हे, सगळ्या फेरीत घट्ट लागले असते.

राजारामपुरीकर: गॅप पुस्तकाप्रमाणेच आहे. मधली एक मेन कॅप सैल करताच क्रँक मोकळा फिरू लागला. कॅप काढल्यावर बेअरिंगच्या एका कडेला चमकदार पट्टा दिसतो. कॅपवरचा बाण पुलीकडेच आहे.

शिरोली_लेथ: बाण बरोबर आहे, म्हणजे कॅप उलटी बसलेली नाही. आता बेअरिंगची पाठ आणि ब्लॉकमधली बैठक पुसून पाहा. होनिंगचा (बोअर आतून घासण्याच्या कामाचा) एखादा कण मागे राहिला, तरी बेअरिंग तेवढ्याच जागी वर उचलले जाते आणि असाच पट्टा पडतो. तिथे काहीच सापडले नाही, तर क्रँक उतरवून व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या आधारांवर) ठेवा आणि मधल्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाला) डायल गेज (बारीक फरक दाखवणारे मापक) लावून वाकलाय का ते बघा. ग्राइंडिंग ज्यांनी केले, त्यांच्यासमोरच हे मोजून घ्या, म्हणजे नंतर वाद राहत नाही. बेअरिंग नवीन टाकावे लागेल.