पेलिमान्नि : खेळाडू की वादक?

प्रश्न : फिनलंडच्या लोकसंगीताबद्दल वाचताना ‘पेलिमान्नि’, म्हणजे लोकवादक, सारखा भेटतो. कोशात ‘पेलि’ म्हणजे खेळ. मग हा खेळाडू का नाही?

उत्तर : कारण शब्द जोडला गेला तो स्वीडिशमध्ये. तिथे ‘स्पेल’मध्ये खेळ आणि वादन दोन्ही येतात, आणि ‘स्पेलमान’ म्हणजे गावचा वाजवणारा. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता, त्यामुळे असे शब्द ढिगाने आले. जुन्या फिनिशला शब्दारंभी जोडाक्षर चालत नसे. त्यातलं शेवटचं व्यंजन तेवढं उरे. म्हणून ‘स्तूल’ (खुर्ची) झाली ‘तुओलि’, ‘स्क्रूव’ (स्क्रू) झाला ‘रूवि’. तसंच ‘स्पेल’चं ‘पेलि’, आणि ‘मान’ला शेवटी इ लागून ‘मान्नि’.

आणखी एक : आपल्याकडे स्टेशनचं ‘टेसन’ झालं, तेच हे. पण ‘स्कंध’चा ‘खांदा’ होताना गेलेला स मागे ह-कार ठेवून गेला. फिनिशमध्ये महाप्राण (ख, थ, फ असे ह-कारवाले वर्ण) नाहीतच, त्यामुळे स गेला तो मागमूस न ठेवता.

वापराबद्दल : अस्सल फिनिश शब्द ‘सोइत्ताया’. ‘सोइदा’ म्हणजे वाजणे, ‘सोइत्ता’ म्हणजे वाजवणे. प्रयोजक रूपाची युक्ती थेट आपल्यासारखी. मात्र ‘सोइत्ता’ म्हणजे फोन करणेही, त्यामुळे संदर्भ नसेल तर ‘सोइत्ताया’ हा फोन करणाराही ठरू शकतो! वाद्यवृंदातला, रॉकमधला किंवा एकूणच व्यावसायिक संगीतकार तो ‘मूसिक्को’. पेलिमान्नि मुख्यतः फिडलवाला (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन). हार्मोनियम, क्लॅरिनेट, अकॉर्डियनवालेही त्यात येतात. कान्तेले (फिनिश तंतुवाद्य) वाजवणाऱ्याला सहसा ‘कान्तेलेन्सोइत्ताया’ म्हणतात. अनेकवचन ‘पेलिमान्नित’, आघात पहिल्या अक्षरावर.

शब्दाचं माहेरघर म्हणावं असं गाव काउस्तिनेन. तिथला लोकसंगीत महोत्सव १९६८ पासूनचा, आणि तिथलं फिडलवादन २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं. कोन्स्ता युल्हा (१९१०–१९८४) हे तिथलेच नावाजलेले पेलिमान्नि.

भाषांतर करणाऱ्यांसाठी : ‘वाजंत्री’ मोह पाडतो, कारण पेलिमान्निही लग्नात वाजवत. पण मराठी वाचकाला लगेच सनई-चौघडा ऐकू येतो. पहिल्यांदा ‘पेलिमान्नि (लोकवादक)’ लिहावं, पुढे नुसतं ‘पेलिमान्नि’. ‘खेळिया’ मात्र चुकूनही नको. खेळणाऱ्याला फिनिशमध्ये ‘पेलाया’ हा वेगळा शब्द आहे.